सलाइन चालू असताना फिजिओथेरपी कशाला? रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टला काय काय माहीत असावे लागते

"डॉक्टर, कालच तर ऑपरेशन झालंय, टाके ओले आहेत, आणि ह्या फिजिओ मॅडम आईला उठवून बसवायला आल्यात. बसवू द्यायचं का?" असा फोन मला महिन्यातून एकदोनदा तरी येतो. आपल्या बीड जिल्ह्यातला रुग्ण गंभीर झाला की तो अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात जातो. आष्टीकडचे लोक अहिल्यानगर गाठतात, गेवराईचे छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत जातात, केजकडचे पुष्कळ जण लातूरला. तिथे एकदोन दिवसांत कॉटजवळ एक तरुण मुलगी किंवा मुलगा येतो, फाइल चाळतो, रुग्णाची बोटे हलवून बघतो आणि म्हणतो, "चला आजोबा, पाय खाली सोडून बसू." नातेवाईक घाबरतात आणि गावाकडच्या डॉक्टरला फोन लावतात.

घाबरणे स्वाभाविक आहे. हाताला सलाइन, नाकाला ऑक्सिजन, खाली लघवीची पिशवी, अशा माणसाला उठवायचे म्हणजे धोका वाटणारच. आणि खरे सांगायचे तर धोका असतोही. म्हणूनच हे काम कुणीही करायचे नसते. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट नाही, साधा एमबीबीएस आहे. पण रुग्णालयातून परत आलेला माणूस आधी माझ्याच दवाखान्यात येतो आणि तिथे फिजिओथेरपी झाली होती की नाही हे तो दारातून आत कसा येतो यावरूनच बरेचदा कळते.

पडून राहणे हा आराम नाही

आपल्याकडे आजारी माणसाला आधी "पडून राहा" सांगतात. ताप असो, हाड मोडो, लकवा होवो, उपाय एकच. या सल्ल्याची किंमत किती असते हे फार पूर्वी मोजले गेले आहे. १९६६ साली अमेरिकेत डल्लास येथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना ३ आठवडे अंथरुणात पडून राहायला लावले. तेवढ्यात त्यांची दमाची क्षमता इतकी घसरली की ३० वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हाही, म्हणजे पन्नाशी गाठल्यावरही, ती त्या ३ आठवड्यांनंतर झाली होती तितकी वाईट नव्हती. थोडक्यात, ३० वर्षांच्या वयाने जेवढे नेले नाही तेवढे ३ आठवड्यांच्या खाटेने नेले.

हे झाले तरुणांचे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीच्या पुढच्या, पण निरोगी लोकांना १० दिवस झोपवून ठेवले. त्यांच्या पायांचे मांस जवळपास एक किलोने कमी झाले. दहा दिवसांत! आणि हे लोक आजारी नव्हते, त्यांना ताप नव्हता, त्यांचे जेवण व्यवस्थित चालू होते. आता आपली सत्तरीतली आजी आठवा, जिचे वजनच ४० किलो आहे, जी रुग्णालयात दोन घास खाते आणि जिला न्यूमोनिया झालेला आहे. तिच्याकडे गमवायला मुळात किती आहे? घरचे म्हणतात, "न्यूमोनिया बरा झाला, पण पायातला जीवच गेला." न्यूमोनियाने पाय घेतले नाहीत, त्या बारा दिवसांच्या पडून राहण्याने घेतले.

पायांशिवाय आणखी बरेच बिघडते. पाठीवर झोपलेल्या माणसाच्या फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, तिथे कफ साचतो. पिंडरीच्या शिरांत रक्त संथ होते आणि गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत दगावू शकतो. माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. पोट साफ होत नाही. म्हातारी माणसे दिवस-रात्र विसरून बडबडायला लागतात.

मालिश आणि मशीनच्या पलीकडे

फिजिओथेरपी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती गुडघ्याला शेक देणारी मशीन, मानेचे ट्रॅक्शन, नाहीतर मालिश. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीचा तो एक भाग आहे. वॉर्डात आणि आयसीयूत चालते ती वेगळी गोष्ट. तिथे मशीन क्वचितच लागते. लागते ते ज्ञान, दोन हात आणि नजर.

या विषयाची आपल्याकडची सुरुवातच मुळी अशा गंभीर रुग्णांपासून झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईत पोलिओची साथ येऊन गेल्यानंतर, केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातले फिजिओथेरपीचे पहिले शिक्षण सुरू झाले. पोलिओत मुलांचे पाय जात होतेच, काहींचा श्वासही बंद पडत होता. आता महाराष्ट्रात बारावीनंतर काही वर्षांची पदवी असते, त्यात इंटर्नशिपही, आणि पुढे ज्यांना हवे ते छाती-हृदय, मेंदू-मज्जा, हाडे अशा एकेका शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतात. व्यवसाय करायला राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. हे सांगण्याचे कारण असे की आमच्याकडे हाडवैद्य, मालिशवाला आणि फिजिओथेरपिस्ट हे तिघे लोकांच्या बोलण्यात एकाच रांगेत उभे असतात. लकवा झालेल्या माणसाच्या सुजलेल्या पिंडरीला तेल लावून जोरात चोळणारा आणि "ही सूज आधी डॉक्टरांना दाखवा, गुठळी असू शकते" म्हणून हात मागे घेणारी, यांच्यातला फरक जिवावरचा आहे.

कोविडच्या काळात हे अनेकांनी जवळून पाहिले. रुग्णाला पालथे झोपवायचे, नळ्या न ओढता बाजू बदलायच्या, ऑक्सिजन उतरला की कुठे थांबायचे, ही कामे बऱ्याच ठिकाणी नर्सच्या बरोबरीने फिजिओथेरपिस्टनी केली.

हात लावण्याआधी फाइल

नातेवाईकांना वाटते, मॅडम आल्या, पाच मिनिटे कागद वाचत बसल्या, मग दहा मिनिटे व्यायाम घेतला. त्या पाच मिनिटांतच निम्मे काम झालेले असते.

पहिले, आजार काय आहे आणि आज त्याची अवस्था काय आहे. कालचा रुग्ण आणि आजचा रुग्ण वेगळा असतो. रात्रीतून ताप आला का, रक्तदाब टिकवण्यासाठी सलाइनमधून औषध सुरू केले का, ते औषध वाढवावे लागले का. मग रक्ताचे अहवाल. हिमोग्लोबिन ६ असेल तर उभे राहिल्याबरोबर चक्कर येईल. प्लेटलेट फार कमी असतील (डेंग्यूत असे होते) तर छोटा धक्काही रक्तस्राव करू शकतो, तिथे जोर लावायचे व्यायाम बंद. पोटॅशियम फार वर किंवा खाली गेले असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. इन्सुलिन दिले आणि रुग्णाने नाश्ता केला नाही, तर व्यायामाने साखर आणखी उतरेल. यातले उपचार फिजिओथेरपिस्ट करत नाही, पण प्रत्येक आकडा बघून "आज किती करायचे" हे ठरवतो. कधीकधी "आज काहीच नाही" असेही ठरते. फिजिओ आला आणि काही न करता गेला म्हणून लोक चिडतात. त्या दिवशी त्याने बहुधा योग्य तेच केलेले असते.

मग औषधांच्या वेळा. वेदनाशामक दिल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने रुग्णाला उठवले तर तो सहकार्य करतो. गोळीच्या आधी उठवले तर तो ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी फिजिओला पाहूनच डोळे मिटून घेतो. झोपेचे औषध रात्री उशिरा दिले असेल तर सकाळी तोल जाणार. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर पडू न देण्याची काळजी दुप्पट.

आणि नळ्या. उठवण्याआधी कोणती नळी कुठून येते, कुठे जाते आणि किती लांब आहे, हे बोटाने दाखवून मोजले जाते. लघवीची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली ठेवायची. नातेवाईक ती कौतुकाने रुग्णाच्या मांडीवर ठेवतात आणि लघवी उलटी आत जाते. छातीत नळी घातली असेल तर तिची बाटली छातीच्या वर कधीही उचलायची नाही, आणि स्वतःच्या मनाने चिमटा लावून ती बंद करायची नाही. हे दोन नियम नातेवाईकांनाही पाठ हवेत, कारण संडासला नेताना फिजिओ जवळ नसतो.

लवकर म्हणजे किती लवकर? आणि थांबायचे कधी?

इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण "लवकर उठवा" हे वाक्य आता लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेले असते आणि काही उत्साही मुले वडिलांना दिवसभर चालवत सुटतात.

लवकर सुरुवात केल्याने फायदा होतो, हे खरे. २००९ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला. ज्यांची झोपेची औषधे रोज थांबवून त्याच वेळी व्यायाम, बसणे, उभे राहणे सुरू केले, त्यांच्यापैकी ५९ टक्के लोक रुग्णालयातून जाताना स्वतःची कामे स्वतः करत होते. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ३५ टक्के होते.

पण पुढचे अभ्यास वाचले की उत्साहाला लगाम बसतो. २०१५ मध्ये लकव्याच्या २१०४ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला २४ तासांच्या आत उठवून दिवसातून बऱ्याच वेळा, जास्त वेळ हालचाल दिली. दुसऱ्या गटाला नेहमीसारखी, कमी. तीन महिन्यांनी चांगले बरे झालेल्यांचे प्रमाण जोरदार गटात ४६ टक्के आणि साध्या गटात ५० टक्के निघाले. म्हणजे जास्त केल्याने फायदा नाही, उलट थोडे नुकसानच. पुढच्या विश्लेषणात असे दिसले की थोडा थोडा वेळ, पण वारंवार उठवणे हे एकदाच जास्त वेळ उठवण्यापेक्षा बरे. २०२२ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या ७५० रुग्णांच्या अभ्यासातही जास्त जोर देऊन काही जास्त मिळाले नाही. हालचालीमुळे झालेले त्रास मात्र ४.१ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर गेले.

यातून "मग झोपूच द्या" असा अर्थ काढू नका. या अभ्यासांत कमी हालचालीच्या गटातले लोकही झोपून नव्हते. लकव्याच्या अभ्यासात तर त्या गटालाही साधारण पहिल्याच दिवशी उठवलेले होते. मुद्दा मात्रेचा आहे. गोळीची जशी मात्रा असते तशी हालचालीचीही असते, आणि ती मात्रा ठरवणे हेच रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टचे सर्वांत अवघड कौशल्य आहे.

ती ठरवतात कशी? आधी झोपलेल्या स्थितीत नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि श्वासांची गती बघायची. मग डोक्याकडची बाजू उचलून बसवायचे आणि पुन्हा बघायचे. मग पाय खाली सोडून कडेवर बसवायचे, पुन्हा बघायचे. मग उभे. बरेच दिवस झोपलेल्या माणसाला उभे केले की रक्त पायांत उतरते. वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त उतरला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याला लगेच परत झोपवायचे. ऑक्सिजन ठरवलेल्या आकड्याच्या खाली जाऊ लागला, छातीत दुखले, ठोके अनियमित झाले, चेहरा पांढरा पडून घाम फुटला, बोलता बोलता रुग्ण असंबद्ध झाला, तर थांबायचे आणि नर्स किंवा डॉक्टरांना बोलवायचे. ऑक्सिजनचा आकडाही सगळ्यांचा सारखा नसतो. वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने किंवा बिडीने फुप्फुस खराब झालेल्या काही रुग्णांमध्ये डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ वर समाधान मानतात. शेजारच्या कॉटवर ९८ दिसते म्हणून आपल्याकडचे बटण फिरवून ऑक्सिजन वाढवू नका.

अनुभवी फिजिओथेरपिस्ट आकड्यांच्या आधी चेहरा वाचतो. रुग्ण "मी बरा आहे" म्हणत असतो, पण पूर्ण वाक्य एका श्वासात बोलू शकत नाही. हे मशीन दाखवत नाही.

लकव्याचे पहिले दिवस

लकव्याच्या रुग्णाभोवती आपल्याकडे सर्वांत जास्त गर्दी असते आणि सर्वांत जास्त चुकीच्या गोष्टीही तिथेच होतात. पहिली, लुळा हात धरून ओढणे. लकव्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, हात केवळ पिशवीसारखा लोंबतो. दोघांनी दोन बगलांत हात घालून उचलले की खांदा निसटतो आणि पुढे चार-सहा महिने तो खांदा इतका दुखतो की रुग्ण हाताचा व्यायामच करू देत नाही. फिजिओथेरपिस्ट कमरेला पट्टा बांधून किंवा कमरेच्या मागे हात घालून उठवतो, स्वतः रुग्णाच्या दुबळ्या बाजूला उभा राहतो आणि स्वतःचा गुडघा त्याच्या गुडघ्यापुढे टेकवून तो दुमडू देत नाही. हे पाहून घ्या, शक्य असेल तर त्यांच्यासमोर स्वतः करून बघा.

दुसरी, झोपवून पाजणे. गिळण्याची ताकद तपासल्याशिवाय चमच्याने चहा-पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया होतो. रुग्ण बसू शकतो का, मान धरू शकतो का, खोकला जोरात काढू शकतो का, हे फिजिओ बघतो आणि ते डॉक्टरांना सांगतो. तोवर घरून आणलेली पेज डब्यातच राहू द्या.

तिसरी गोष्ट कुणाला सुचत नाही. काही रुग्णांच्या मेंदूला शरीराची डावी बाजू "दिसत"च नाही. ते डाव्या बाजूचे ताट अर्धे तसेच सोडतात, डाव्या बाजूने कुणी बोलले तर उजवीकडे बघतात. घरच्यांना वाटते, हट्ट करतो. फिजिओथेरपिस्टला हे ओळखता येणे आवश्यक असते, कारण अशा माणसाला उभे केले की तो त्याच बाजूला कोसळतो.

बाकी दर दोन तासांनी कूस बदलणे, लुळ्या हाताखाली उशी ठेवणे, टाचा गादीवर घासू न देणे, ही कामे शेवटी नातेवाईकांवरच येतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत एका फिजिओथेरपिस्टच्या वाट्याला किती कॉट येतात ते तुम्ही पाहताच. तो दिवसातून एकदा येईल. उरलेले साडेतेवीस तास तुमचे आहेत.

श्वास

पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर प्लास्टिकचे तीन चेंडूंचे एक यंत्र देतात. दहापैकी सात जण त्यात फुंकतात! ते फुंकायचे नसते, तोंडाने हवा आत ओढायची असते, हळू आणि खोल, आणि दोन-तीन सेकंद धरायची. यंत्र नसले तरी बिघडत नाही. खोल श्वास, टाक्यांवर उशी दाबून खोकणे आणि उठून बसणे यांनीही काम होते.

कीटकनाशक पोटात गेलेले किंवा फवारताना बाधा झालेले रुग्ण आपल्याकडे नवीन नाहीत. अशा विषबाधेत पहिला दिवस पार पडला, रुग्ण शुद्धीवर आला, की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण १ ते ४ दिवसांच्या दरम्यान काहींचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे होतात. उशीवरून मान उचलता न येणे ही त्याची सुरुवातीची खूण असू शकते. व्यायाम घ्यायला गेलेल्या माणसाने ही खूण ओळखून लगेच डॉक्टरांना सांगितले, तर व्हेंटिलेटर वेळेत लागतो.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली तेव्हा हा आजार घरोघरी कळला. पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा, आणि तो श्वासापर्यंत पोचण्याचा धोका. इथे कॉटजवळ करायची एक सोपी तपासणी आहे: एका खोल श्वासात रुग्णाला मोठ्याने अंक मोजायला सांगायचे. आकडा रोज घसरत असेल, २० च्याही आत येत असेल, तर व्यायाम राहू द्या, आधी डॉक्टर. जीबीएसमध्ये पहिल्या आठवड्यांत दमवणारा व्यायाम द्यायचा नसतो, सांधे आखडू नयेत एवढेच बघायचे असते. "जोर लावा, जोर लावा" म्हणणारे पाहुणे इथे त्रासच देतात.

खुबा मोडला तर

थोडक्यात सांगतो. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की ऑपरेशन जेवढे लवकर तेवढे चांगले, आणि सगळे ठीक असेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उठवणे ही आता जगभरची रीत आहे. सर्जनला एक प्रश्न विचारा: "या पायावर किती वजन टाकायचं?" उत्तर तीनपैकी एक असेल: अजिबात नाही, थोडे, किंवा झेपेल तेवढे. वॉकर कसा धरायचा, आधी कोणता पाय टाकायचा, हे सगळे त्या उत्तरावर अवलंबून असते, म्हणून फिजिओही तेच आधी विचारतो. खुब्याचा सांधा बदलला असेल तर उकिडवे बसणे, मांडी घालणे, पाटावर बसणे किती दिवस बंद, हेही तिथेच लिहून घ्या.

घरी सोडण्याआधीचे प्रश्न

तीव्र आजाराच्या काळात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला घरी सोडण्याबद्दलही मत द्यावे लागते. औषधांच्या दृष्टीने रुग्ण बरा असतो, पण तो घरी राहू शकेल का? हे ठरवायला घर कसे आहे ते माहीत असावे लागते. उंबरठा किती उंच, संडास घरात की बाहेर, बसायचे की कमोडचे, झोपणे जमिनीवर की बाजेवर, दिवसा घरी कोण असते. पुस्तकात लिहिलेले घर शहरातले असते, आणि आपल्या जिल्ह्यात तर पुष्कळांचे अर्धे वर्ष घरातच जात नाही.

दिवाळीनंतर आपल्याकडची गावे रिकामी होतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी मिळून मुकादमाकडून उचल घेतलेली असते. फडात घसरून पाय मोडलेल्या किंवा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना पडलेल्या माणसाला रुग्णालयातून "घरी सोडले" म्हणजे तो कारखान्याजवळच्या कोपीत जातो. तिथे झोपणे जमिनीवर, दार वाकून आत जाण्याचे, शौचाला शेतात, पाणी लांबून. वॉकर त्या ढेकळांत रुततो. अशा रुग्णाला गुळगुळीत फरशीवर वीस पावले चालवून "जमले" म्हणणे पुरेसे नाही. जमिनीवरून उठायचे कसे, एका काठीवर उंचसखल जागी चालायचे कसे, हे शिकवूनच त्याला सोडायला हवे. चांगला फिजिओथेरपिस्ट हे विचारतो. त्याने विचारले नाही तर तुम्ही सांगा, लाजू नका: "मॅडम, आम्ही कोपीत राहतो." एवढ्या एका वाक्याने शिकवण्याचा व्यायाम बदलतो.

पुढचा प्रश्न नेहमी तोच असतो. "मोळी कधी उचलता येईल?" याचे उत्तर सोडायच्या दिवशी सहसा मिळत नाही, आणि "पंधरा दिवसांत" असे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा. मिळायला हवे ते असे: अमुक आठवड्यांनी एक्स-रे, तोवर या पायावर एवढेच वजन, त्यानंतर पुन्हा तपासून ओझ्याचे ठरवू. हे कागदावर लिहून घ्या, म्हणजे मुकादमाला दाखवायलाही उपयोगी पडते.

तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट मिळतो, गावात बहुतेक ठिकाणी नाही. म्हणून सुटीच्या आधीच्या दोन दिवसांत, जो नातेवाईक प्रत्यक्ष सांभाळणार आहे त्यानेच व्यायामाच्या वेळी कॉटजवळ थांबा. ज्या सुनेला किंवा मुलाला हे करायचे आहे ती किंवा तो घरी आणि रुग्णालयात काका, असे नको. रुग्णाला आणि फिजिओथेरपिस्टला विचारून प्रत्येक व्यायामाचे मोबाइलवर चित्रीकरण करून घ्या. किती वेळा, दिवसातून कितीदा, आणि काय झाले तर बंद करायचे, हे त्यांच्या आवाजात बोलून घ्या. घरी गेल्यावर एका पायाची पिंडरी सुजून दुखू लागली तर तिला मालिश करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखले किंवा थुंकीत रक्त आले तर १०८ ला फोन करून सरळ मोठे रुग्णालय गाठा. आणि पहिल्या तपासणीला माझ्यासारख्या गावाकडच्या डॉक्टरकडे याल तेव्हा औषधांच्या चिठ्ठीबरोबर फिजिओथेरपीचा कागदही आणा. तो बहुतेक वेळा घरीच राहिलेला असतो.